पेशीला ‘आता बंद हो’ कोण सांगतं? थायरॉइडचा कॅन्सर, आयोडीन-१३१ आणि ॲपॉप्टोसिस

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा घाटात नेटवर्क गेल्यावर ज्यांचा भाग अर्ध्यावर तुटतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलताना आलेले ‘म्हणजे कसं’ आणि ‘ॲक्चुअली’ काढून टाकलेत. सगळे नाही निघाले, चालवून घ्या.

या वेळचा विषय एका श्रोत्याच्या मेलमधून आला. आईच्या थायरॉइडची गाठ नाशिकमध्येच काढली, रिपोर्टमध्ये पॅपिलरी कार्सिनोमा आला. डॉक्टर म्हणाले, मुंबईला जाऊन रेडिओॲक्टिव्ह आयोडीन घ्यावं लागेल. ‘रेडिओॲक्टिव्ह’ हा शब्द ऐकूनच घर हादरलं. त्यात काकांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, की हळदीतलं करक्युमिन कॅन्सरच्या पेशींना आत्महत्या करायला लावतं, हे विज्ञानाने सिद्ध झालंय, मग रेडिएशन कशाला? मेलच्या शेवटी एकच ओळ होती: “खरं काय ते सांग, पुढच्या आठवड्यात ठरवायचंय.”

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. कुणी काय घ्यावं हे मी सांगणार नाही. पण त्या फॉरवर्डमध्ये जी ‘पेशींची आत्महत्या’ आहे, ती खरी गोष्ट आहे. तिला ॲपॉप्टोसिस म्हणतात. आणि गंमत अशी, की ज्या आयोडीनला घर घाबरलंय, त्याचा बराचसा भरवसासुद्धा याच गोष्टीवर आहे. म्हणून मुळापासून बघू.

पानगळ

१९७२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनमध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पेशी दोन वेगळ्या प्रकारांनी मरताना दिसत होत्या. एक प्रकार जुनाच, सगळ्यांना माहीत असलेला: पेशी फुगते, फुटते, आतला मालमसाला बाहेर सांडतो, आजूबाजूला सूज येते. दुसऱ्या प्रकारात पेशी आकसत होती, तिचे नीट बांधलेले छोटे तुकडे होत होते आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गपचूप गिळून टाकत होत्या. सूज नाही, गोंधळ नाही. या दुसऱ्या प्रकाराला नाव हवं होतं. त्यांच्याच विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी ॲपॉप्टोसिस हा शब्द सुचवला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडावरून पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळणं. त्या निबंधात अशीही टीप आहे की दुसरा ‘प’ उच्चारू नका, ‘ॲपोटोसिस’ म्हणा. जगात फार थोडे लोक ते ऐकतात. मीही ऐकत नाही.

पानगळ हा शब्द नाशिककरांना समजावून सांगायची गरज नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आधी द्राक्षबागेत इथेफॉन फवारून पानगळ करून घेतात. इथेफॉन पान जाळत नाही. त्यातून इथिलीन सुटतं, आणि इथिलीन हा वेलीचा स्वतःचाच सिग्नल आहे. तो मिळाला की देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि पान अलगद सुटतं. आता याच्या उलट एक हिरवी फांदी मोडून बांधावर टाका. तिची पानं वाळतात, पण गळत नाहीत, फांदीला तशीच लटकून राहतात. कारण गळण्यासाठी आत काहीतरी जिवंत आणि चालू असावं लागतं. पान गळणं हे काम आहे. ते करायला ऊर्जा लागते, यंत्रणा लागते, हुकूम लागतो.

पेशीचं तसंच. ॲपॉप्टोसिस म्हणजे पेशी मारली जाणं नव्हे, पेशीने स्वतःची आवराआवर करणं. आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी: नेक्रोसिस म्हणजे सर्व्हरची वायर उपटणं. ॲपॉप्टोसिस म्हणजे प्रोसेसला व्यवस्थित शटडाउन सिग्नल देणं, मग ती फाइल बंद करते, मेमरी परत देते, लॉग लिहिते आणि जाते.

हे सगळं आपल्यात रोज चालू आहे, अब्जावधी पेशींमध्ये. गर्भात हाताचा आधी पंजा असतो, बोटांमधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. बेडकाच्या पिल्लाची शेपटी जाते तीही अशीच. आणि ती कुणाच्या हुकमाने जाते? थायरॉइडच्या हार्मोनच्या! १९१२ मध्ये गुडरनॅच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडकाच्या पिल्लांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ती वेळेआधीच बेडूक झाली. म्हणजे ज्या ग्रंथीच्या कॅन्सरबद्दल आपण बोलतोय, ती स्वतः बेडकात ॲपॉप्टोसिसचे हुकूम सोडणारी आहे.

या यंत्रणेचं वायरिंग एका मिलिमीटरभर लांबीच्या सूक्ष्म कृमीत सापडलं, सी. एलेगन्स त्याचं नाव. त्याच्या शरीरात वाढीच्या काळात १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या बरोबर १३१ ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मरतात. दर वेळी त्याच १३१. ब्रेनर, होर्विट्झ आणि सल्स्टन यांना या कामासाठी २००२ चं नोबेल मिळालं. आपलं औषधही आयोडीन-१३१ आहे, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला बरा.

बटण कुठे असतं

पेशीतल्या डीएनएची दोरी तुटली की काही प्रथिनं ती तूट ओळखतात आणि पी-५३ नावाच्या प्रथिनाला कळवतात. पी-५३ म्हणजे गावातला असा वडीलधारा माणूस, जो आधी म्हणतो “थांबा, दुरुस्त होतंय का बघू”, आणि होत नसेल तर शांतपणे सांगतो “आता आवरा.” आवरायचं ठरलं की तो बॅक्ससारखी मारक प्रथिनं कामाला लावतो. ती मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीच्या वीजघराला, भोकं पाडतात. तिथून सायटोक्रोम-सी बाहेर येतं. हे एरवी वीजनिर्मितीतलं साधं कामगार प्रथिन, पण बाहेर दिसलं की ती धोक्याची घंटा. त्यावरून कॅस्पेज नावाच्या कात्र्या एकामागोमाग एक चालू होतात आणि पेशी आतून पद्धतशीर कापली जाते. शेवटी पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर एक ‘मला उचला’ अशी खूण उमटते आणि सफाई करणाऱ्या पेशी येऊन तिला गिळतात.

याला ब्रेकही आहेत. बीसीएल-२ हे त्यांतलं प्रसिद्ध नाव. ते बॅक्सला धरून ठेवतं. १९८८ मध्ये कळलं की कॅन्सरमध्ये वाढलेलं हे बीसीएल-२ पेशींना जास्त वेगाने वाढवत नाही, ते फक्त त्यांना मरू देत नाही. माझ्या मते कॅन्सर समजून घेताना हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आपण समजतो कॅन्सर म्हणजे वाढ. पण ज्या गल्लीत कुणी मरतच नाही, तिथे जन्मदर साधा असला तरी गर्दी होणारच.

थायरॉइडची खासियत: पंप

आता मुद्द्यावर. शरीरातल्या कुठल्याही पेशीवर पुरेसं रेडिएशन टाकलं तर डीएनए तुटेल. प्रश्न असा की फक्त हव्या त्याच पेशीवर कसं टाकायचं?

थायरॉइडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं, आणि रक्तात आयोडीन असतं अगदी थोडं. म्हणून तिच्या पेशींवर आयोडीन आत खेचणारा एक पंप असतो, सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर. त्याचा जीन १९९६ मध्ये सापडला. पण पंप आहे हे त्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झने १९४१ मध्ये वाढलेल्या थायरॉइडच्या रुग्णाला पहिल्यांदा किरणोत्सारी आयोडीन दिलं. आणि न्यूयॉर्कच्या माँटेफिओरी हॉस्पिटलमध्ये एक विलक्षण रुग्ण होता. त्याची थायरॉइड ग्रंथी कधीचीच काढलेली, तरी अंगात थायरॉइडचं हार्मोन जास्त! कारण कॅन्सरच्या ज्या पेशी शरीरात पसरल्या होत्या, त्या तिथे बसूनही इमानदारीत हार्मोन बनवत होत्या. म्हणजेच आयोडीन खेचत होत्या. सायडलिन आणि सहकाऱ्यांनी त्याला १९४३ मध्ये किरणोत्सारी आयोडीन दिलं, आणि त्या गाठींनी ते गिळलं. १९४६ मध्ये हे छापून आलं, आणि कॅन्सरच्या पेशीची जुनी सवय तिच्याच विरुद्ध वापरायची कल्पना रूढ झाली.

आयोडीन-१३१ आत गेल्यावर काय करतं? त्यातून बीटा कण सुटतात. हे कण सरासरी अर्ध्या मिलिमीटरहून कमी आणि जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात. म्हणजे ज्या पेशीने आयोडीन गिळलं ती आणि तिचे शेजारी, एवढंच. बाकी शरीरातून जादा आयोडीन लघवीवाटे निघून जातं. सोबत थोडे गॅमा किरणही निघतात, ते मात्र शरीराबाहेर येतात. त्यामुळे दोन गोष्टी होतात: बाहेर कॅमेरा लावून आयोडीन कुठे कुठे साठलंय याचा फोटो काढता येतो, आणि रुग्णाला काही दिवस वेगळं ठेवावं लागतं.

परळ आणि तुर्भे

ही उपचारपद्धत आपल्याकडे नवी नाही, हे त्या मेलवाल्या घराला मुद्दाम सांगावंसं वाटतं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, टाटा मेमोरियलच्या ॲनेक्स इमारतीत. साठ वर्षांहून जास्त काळ तिथे थायरॉइडचे रुग्ण येतायत, त्यांत महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांतले.

आणि आयोडीन कुठून येतं? तुर्भ्याहून, म्हणजे ट्रॉम्बेहून. अणुभट्टीत टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्यावर न्यूट्रॉनचा मारा करतात. टेल्युरियम एक न्यूट्रॉन घेतं, अस्थिर होतं आणि त्याचं आयोडीन-१३१ होतं. मग तापवून आयोडीनची वाफ वेगळी काढतात. १९५६ ची अप्सरा, १९६० ची सायरस, १९८५ ची ध्रुव, या नावांचा आपल्या शाळेच्या पुस्तकांतला संबंध वीज आणि बॉम्ब यांच्याशीच जोडला गेला. त्यांच्या परिसरातून माणसांच्या गळ्यातल्या गाठींसाठी औषध निघतं, हे मला तरी बीटेक होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. वाशीची ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था ते देशभरच्या हॉस्पिटलांना पोचवते.

यात साठवणुकीचा प्रश्नच नाही. आयोडीन-१३१ चं अर्ध-आयुष्य आठ दिवस. आज शंभर असेल तर पुढच्या आठवड्यात पन्नास, त्याच्या पुढच्या आठवड्यात पंचवीस. ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सा. दूधवाल्यासारखा ताजा पुरवठा लागतो. अपॉइंटमेंट चुकवू नका असं हॉस्पिटल का सांगतं, त्याचं हे एक कारण.

मरण लगेच येत नाही

इथे मला थोडं थांबायचंय, कारण बहुतेक लेख इथे फसवतात. ‘रेडिएशन दिलं, डीएनए तुटला, पी-५३ उठला, ॲपॉप्टोसिस झाला, संपलं’ असं सरळ चित्र रंगवतात. गाठींच्या कॅन्सरमध्ये ते अर्धंच खरं आहे. काही पेशी तासाभरात किंवा दिवसभरात ॲपॉप्टोसिसने जातात. बऱ्याच पेशी मात्र तुटक्या डीएनएसकट तशाच बसून राहतात, आणि पुढे कधीतरी दुभंगायला जातात तेव्हा गुणसूत्रांची वाटणी जमत नाही आणि तिथे कोसळतात. याला मायटॉटिक कॅटॅस्ट्रॉफी म्हणतात. तिच्या शेवटी बऱ्याचदा पुन्हा त्याच कॅस्पेजच्या कात्र्या चालतात, पण उशिरा. काही पेशी मरत नाहीत, फक्त कायमच्या निवृत्त होतात.

पॅपिलरी थायरॉइड कॅन्सरच्या पेशी सावकाश दुभंगतात. म्हणून आयोडीन दिल्यावर पंधरा दिवसांत सगळं साफ झालं का, असं विचारून उपयोग नाही. थायरोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात. ग्रंथी काढल्यावर आणि आयोडीन दिल्यावर रक्तात ते जवळपास शून्याकडे जायला हवं, आणि ते जायला महिने लागतात. पहिल्या रिपोर्टमध्ये आकडा थोडा राहिला म्हणून रात्रभर गूगल करत बसणारी घरं मी पाहिलीत. आकडा एकदा किती, यापेक्षा तो कुठल्या दिशेने चाललाय हे डॉक्टर बघतात. त्यासोबत अँटिबॉडीची टेस्ट असते, कारण त्या असतील तर थायरोग्लोब्युलिनचा आकडा खोटा कमी दिसू शकतो.

तेच आयोडीन, उलटा परिणाम

आता तो प्रश्न, जो ऐकणाऱ्यांपैकी निदान दहा जण विचारतील: चेर्नोबिलमध्ये मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला तो आयोडीन-१३१ मुळेच ना? मग तेच औषध कसं?

हो, तेच. १९८६ च्या अपघातानंतर ते गवतावर पडलं, गाईंच्या दुधात आलं, आणि लहान मुलांच्या थायरॉइडने ते दूध पिऊन खेचून घेतलं. पुढच्या वर्षांत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या त्या भागांत मुलांमध्ये थायरॉइड कॅन्सरचे हजारो रुग्ण निघाले.

फरक आहे पेशी मेली की जगली याचा. मुलांच्या थायरॉइडला मिळालेला डोस डीएनए तोडायला पुरेसा होता, पण अनेक पेशी मारायला पुरेसा नव्हता. त्या पेशींनी तुटलेली टोकं घाईत जोडली आणि काहींनी चुकीची जोडली. त्यातून आरईटी नावाच्या जीनचा तुकडा भलत्याच जीनला चिकटून बसला, आणि ती पेशी कायम ‘वाढ, वाढ’ म्हणत राहिली. मोठी होणारी ग्रंथी, दुभंगणाऱ्या पेशी, पुढे सगळं आयुष्य. उपचारात उलट आहे: ग्रंथी आधीच काढलेली असते, उरलेल्या पेशींवर डोस इतका मोठा असतो की त्यांनी जगूच नये. याचा अर्थ उपचाराला धोका शून्य आहे असा नाही. लाळग्रंथींवरही थोडा पंप असतो, म्हणून तोंड कोरडं पडणं, चव जाणं हे त्रास खरे आहेत. फार मोठ्या एकूण डोसनंतर दुसऱ्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो. स्तनांतही पंप असतो, म्हणून स्तनपान आधी बरेच आठवडे थांबवावं लागतं. आणि गर्भवतीला हे देतच नाहीत.

म्हणूनच ‘सगळ्यांना द्या’ हा जमाना गेला. २०१२ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधल्या दोन अभ्यासांत दिसलं, की कमी धोक्याच्या रुग्णांत उरलेली ग्रंथी जाळायला १०० मिलिक्युरीऐवजी ३० मिलिक्युरीही तितक्याच पुरतात. २०२२ मध्ये फ्रेंच अभ्यासाने पुढे जाऊन दाखवलं, की अगदी कमी धोक्याच्या रुग्णांत आयोडीन दिलं किंवा न दिलं तरी तीन वर्षांनी दोन्ही गटांत ९५ टक्क्यांहून जास्त लोक ठीक होते. त्यामुळे “आमच्या आईला खरंच लागेल का, धोका कमी, मध्यम की जास्त?” हा प्रश्न डॉक्टरांना विचारणं यात उद्धटपणा काही नाही. तो आजचा बरोबर प्रश्न आहे. उत्तर गाठीचा आकार, लिम्फ नोडमध्ये पसरली का, रक्तवाहिन्यांत शिरली का, यावर ठरतं. हे सगळं त्या बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. फॉरवर्डमध्ये नसतं.

पंप बंद पडतो तेव्हा

थायरॉइड कॅन्सरची खरी अवघड बाजू इथे आहे. काही रुग्णांत गाठ आयोडीन घेणंच बंद करते.

पॅपिलरी कॅन्सरच्या साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त गाठींमध्ये बी-रॅफ नावाच्या जीनमध्ये एकाच ठिकाणी ठरावीक बदल असतो. बी-रॅफ हा पेशीला ‘वाढ’ सांगणाऱ्या साखळीतला एक स्विच. बदल झाला की तो ऑनवरच अडकतो. त्याचे दोन परिणाम होतात. एक, पेशीला मरणाकडे नेणारी बिमसारखी प्रथिनं दाबली जातात. दोन, आयोडीनचा पंप बनणं कमी होतं. म्हणजे एकाच बगने शटडाउनचा सिग्नलही अडवला आणि औषधाचं दारही लावून घेतलं. प्रोडक्शनमध्ये असा बग निघाला तर आम्ही त्याला कौतुकाने शिव्या घालतो.

मग कल्पना निघाली, की ही साखळीच थोडे दिवस औषधाने दाबली तर पंप परत येईल का? २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधला एक छोटा अभ्यास छापून आला. आयोडीनला दाद न देणारे २० रुग्ण, त्यांना काही आठवडे सेल्युमेटिनिब दिलं. १२ जणांच्या गाठींनी पुन्हा जास्त आयोडीन खेचलं, ८ जणांत ते उपचाराला पुरेसं झालं. त्या आठांपैकी ५ जणांच्या गाठी लहान झाल्या, ३ जणांच्या स्थिर राहिल्या. आकडा लहान आहे, पण कल्पना देखणी आहे: पेशीला तिची विसरलेली ओळख आठवून द्यायची, आणि मग त्या ओळखीनेच पकडायचं. पुढे हेच औषध मोठ्या अभ्यासात, ऑपरेशननंतर लगेच सरसकट दिलं, तेव्हा फायदा दिसला नाही. त्यामुळे हे आजही निवडक रुग्णांपुरतं आहे. पंपावरचं काम आपल्याकडेही झालंय. तो काही स्तनाच्या कॅन्सरमध्येही दिसतो, आणि त्याचा तिथे उपयोग होईल का यावर खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये संशोधन झालंय.

सगळ्यात वाईट प्रकार ॲनाप्लास्टिक. त्यात पंप जवळजवळ गेलेला असतो आणि निम्म्याहून जास्त गाठींत पी-५३ही बिघडलेला. तो वडीलधारा माणूसच नाही म्हटल्यावर ‘आवरा’ सांगणार कोण? महिन्यांत परिस्थिती हाताबाहेर जाते. इथे बी-रॅफचा बदल असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही जोडी देतात. अमेरिकेत तिला मे २०१८ मध्ये मान्यता मिळाली. म्हणून या रुग्णांत जीनची टेस्ट लगेच, पहिल्याच दिवसांत पाठवायची असते.

आणि थेट ॲपॉप्टोसिसचं बटण दाबणारी औषधं? रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये बीसीएल-२ चा ब्रेक काढणारं व्हेनेटोक्लॅक्स २०१६ पासून वापरात आहे आणि चांगलं चालतं. थायरॉइडसाठी असं थेट औषध अजून मान्य झालेलं नाही. गाठीच्या पेशींकडे एकापेक्षा जास्त ब्रेक असतात. एक काढला तर दुसऱ्यावर उभ्या राहतात.

मग हळद?

करक्युमिन प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीत थायरॉइड कॅन्सरच्या पेशींमध्ये ॲपॉप्टोसिस घडवतं. फॉरवर्डमधलं हे वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. थाळीतल्या पेशी मारणं हे फार कठीण काम नाही. मीठ जास्त टाकलं तरी मरतात. प्रश्न तीन असतात: ते पोटातून रक्तात किती पोचतं, गाठीपर्यंत किती पोचतं, आणि तिथे गाठीच्या पेशी मरतात तेव्हा बाकीच्या जगतात का. करक्युमिन पहिल्याच प्रश्नाला अडखळतं. आतड्यातून ते फार कमी शोषलं जातं आणि जे जातं ते यकृत पटकन बदलून टाकतं. थाळीतली मात्रा रक्तात सहसा गाठता येत नाही. थायरॉइड कॅन्सरच्या रुग्णांत शस्त्रक्रिया किंवा आयोडीनऐवजी करक्युमिन घेऊन कॅन्सर गेला, असा पुरावा नाही.

आयोडीनकडे या तिन्हींचं उत्तर आहे, कारण पंप आहे. सगळा फरक पत्त्याचा आहे. पेशी मारू शकणाऱ्या गोष्टी हजारो आहेत, बरोबर घरी जाऊन दार वाजवणाऱ्या फार थोड्या.

भाजीतली हळद खुशाल खा. हळदीच्या एकवटलेल्या गोळ्या किंवा कुठलीही पूड चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका. काही ‘थायरॉइड टॉनिक’मध्ये समुद्री शेवाळ असतं, म्हणजे भरपूर आयोडीन. ते घेऊन गेलात तर साध्या आयोडीनने पंप आधीच भरलेला असतो आणि औषधाला जागाच उरत नाही.

तयारी आणि वॉर्ड

त्याच कारणाने आधी एक-दोन आठवडे कमी आयोडीनचं जेवण सांगतात. आयोडीनयुक्त मीठ बंद, समुद्री मासे बंद, दूध-दही आणि अंड्याचा बलक कमी. बिनआयोडीनचं मीठ कुठलं ते हॉस्पिटलच सांगतं. बाहेरचं फरसाण, लोणचं, पापड यांत कुठलं मीठ पडलंय ते कळत नाही, म्हणून तेही नाही. मिसळ तेवढे दिवस विसरायची, हे नाशिकच्या माणसाला सांगणं सगळ्यात जड. आणि अलीकडे रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर तो आवर्जून सांगा. त्या रंगद्रव्यात इतकं आयोडीन असतं की उपचार काही आठवडे पुढे ढकलावा लागतो.

पंप जोरात चालावा म्हणून टीएसएच वाढवतात. त्यासाठी थायरॉक्सिनची गोळी तीन-चार आठवडे बंद ठेवतात, नाहीतर महागडं इंजेक्शन देतात. गोळी बंद असताना माणूस थकतो, थंडी वाजते, चेहरा सुजतो, रडू येतं. घरच्यांना हे माहीत नसेल तर वाटतं कॅन्सर वाढला. नाही वाढला, हार्मोन नाहीये. गोळी सुरू झाली की माणूस परत येतो.

औषध म्हणजे एक कॅप्सूल किंवा पाण्यासारखं द्रव. गिळायचं, बस्स. ३० मिलिक्युरीच्या वर डोस असेल तर आपल्या अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमाप्रमाणे वेगळ्या वॉर्डात राहावं लागतं. त्या वॉर्डाचं संडासाचं पाणी थेट गटारात जात नाही, वेगळ्या टाक्यांत साठवतात आणि किरणोत्सर्ग उतरल्यावरच सोडतात. नातेवाईक आत येत नाहीत. दोन-तीन दिवस फोन, पुस्तक आणि भरपूर पाणी. घरी आल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गर्भवती यांच्यापासून अंतर. किती दिवस ते डोसवर ठरतं आणि डिस्चार्जच्या कागदावर लिहून देतात. कपडे आणि ताट वेगळं धुवायचं. शेजारच्या घरात बसून कुणाला काही होत नाही. हे शेजाऱ्यांना सांगायचं की नाही, ते तुमच्या शेजाऱ्यांवर.

आणि परतीची पंचवटी एक्सप्रेस गर्दीची असते. पहिल्या दिवशी तीन-चार तास कुणाच्या मांडीला मांडी लावून बसण्यापेक्षा शक्य असेल तर गाडी करा, मागच्या सीटवर एकट्याने बसा. वॉर्डातल्या रेडिएशन सेफ्टीच्या माणसाला हा प्रश्न निघताना विचारा. त्याच्या हातात मीटर असतो, तो मोजून सांगतो.

पुढचा भाग पंधरा दिवसांनी. यावर प्रश्न असतील तर पाठवा, पण रिपोर्टचे फोटो मला पाठवू नका, ते डॉक्टरांनाच दाखवा.